कुड्याच्या सालीची परीक्षा : प्रस्तावना

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणातल्या लाल कातळांपासून मावळातल्या डोंगरउतारांपर्यंत, पानझडीच्या रानात वाढणारे कुड्याचे झाड उंचीने बेताचे आणि लाकडाने हलके. सागाचा दरारा त्याला नाही की वडाचे पूज्यत्व नाही. आणि तरीही वैद्य, गुराखी, कवी, सुगरण आणि रसायनज्ञ या पाचांनीही आपापल्या परीने ज्याची दखल घेतली असे दुसरे झाड आपल्या रानात शोधू जाता सहजासहजी हाती लागावयाचे नाही. उन्हाळा सरतासरता त्याला पांढरे शुभ्र, मंद सुवासाचे झुबके येतात. मेघदूतातील यक्ष आपल्या मेघमित्राला अर्घ्य देतो ते याच कुटजाच्या ताज्या फुलांचे. कोकणातील गृहिणी त्याच्या कोवळ्या शेंगांची कडवट भाजी करते आणि पावसाळ्याच्या तोंडी ती पोटाला बरी असे सांगते. चरकाचार्यांनी निरनिराळ्या कार्यांत श्रेष्ठ ठरलेल्या द्रव्यांची जी यादी दिली आहे, तीत कुटजाच्या सालीला स्थान आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘वनौषधिगुणादर्शा’सारखे ग्रंथ ज्या घरांत पोहोचले त्या घरांत, आणि ज्या घरांत कोणताही ग्रंथ कधी पोहोचला नाही त्या घरांतही, रक्ती आंव पडू लागली की ‘कुड्याचे पाळ (मूळ) ताकात उगाळून द्या’ हा सल्ला ठरलेला असे.

या एका वाक्याची परीक्षा कशी करावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. वाक्य लहान आहे, पण बारकाईने पाहिले तर त्यात एका शास्त्रीय प्रयोगाचा बहुतेक सगळा तपशील भरलेला आहे : झाड कोणते, त्याचा भाग कोणता, तो कशात व कसा तयार करावयाचा, आणि कोणत्या व्याधीवर द्यावयाचा. आजच्या प्रयोगशाळांतून वनौषधींच्या ज्या शेकडो परीक्षा होतात, त्यांपैकी पुष्कळांत या चार बाबींपैकी तीन वाटेतच गळून पडतात. झाडाचे नाव दुकानदाराच्या भरवशावर घेतले जाते, ताकाच्या जागी मेथनॉल येते, आणि आमांशाच्या जागी प्रयोगशाळेच्या शीतकपाटात जे जंतू आयते असतील ते येतात. मग जो निष्कर्ष निघतो तो खोटा असतो असे नाही. तो भलत्याच प्रश्नाचे खरे उत्तर असतो. परंपरेला विचारलेला प्रश्न परंपरेच्या शब्दांत आधी नीट समजून घ्यावा, आणि मग मिळालेले उत्तर, ते अनुकूल असो की प्रतिकूल, शास्त्राच्या शिस्तीने निमूटपणे स्वीकारावे, एवढेच या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. आणि कुड्याचा गेल्या साडेचारशे वर्षांचा इतिहास त्याला पुरेसा दाखला आहे.

हा इतिहास युरोपीय दप्तरात सुरू होतो तो गोव्यात. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात मलबारी वैद्य आमांशावर वापरीत असलेल्या एका वनस्पतीचे वर्णन केले आहे, आणि ती कुडाच असावी असे अभ्यासक मानतात. पुढे १६७८ साली व्हान रेडे या डच अंमलदाराच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला, त्यात ‘कोडगपाल’ या नावाने हे झाड चित्रासह आले. लिनीयसने १७५३ मध्ये त्याला लॅटिन नाव दिले खरे, पण देताना कुडा आणि त्याच्यासारखे दिसणारे दुसरे एक झाड यांची सरमिसळ झाली. या सरमिसळीचे परिणाम केवळ पंडितांच्या वादापुरते राहिले नाहीत. ‘कोनेसीची साल’ या नावाने कुड्याची साल अठराव्या शतकात युरोपात औषध म्हणून गेली, काही काळ नावाजली, आणि मग तिचा गुण येत नाही अशी तक्रार होऊन वापरातून उठली. पुढील काळातील औषधिशास्त्रज्ञांनी याचे जे कारण दिले ते असे, की खऱ्या कुड्याच्या सालीत दुसऱ्याच झाडाची निरुपयोगी साल मिसळून जहाजावर चढत होती. म्हणजे एका औषधावर निकाल लागला तो त्याच्या गैरहजेरीत.

ते दुसरे झाड आपल्याकडेही आहे आणि त्यालाही कुडाच म्हणतात. आपण ज्याला पांढरा किंवा कडू कुडा म्हणतो तो औषधी. काळा कुडा निराळा, त्याच्या पानांतून पूर्वी नीळ काढीत, त्याच्या पांढऱ्या गुळगुळीत लाकडाची चन्नपट्टणला खेळणी होतात. पहिल्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव, दुसऱ्याचे गोड इंद्रजव. दोघांनाही चीक आहे, दोघांचीही फुले पांढरी, दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबतात. परंतु काळ्या कुड्याच्या फुलात पुंकेसरांचा सुळका नळीबाहेर आलेला दिसतो, पांढऱ्याचे पुंकेसर नळीच्या आत दडलेले असतात. काळ्याच्या शेंगांची टोके कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली, पांढऱ्याची मोकळी. बियांवरील रेशमी केसांचा झुबका पांढऱ्यात वरच्या टोकाला, काळ्यात खालच्या. इतक्या खुणा झाडावर असताना ओळखीचा घोळ व्हावयाचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण उघड आहे : बाजारात येते ती वाळलेली साल, आणि सालीला ना फूल असते ना शेंग. चाखून पाहिली तर कडूपणा काही सांगतो, सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहिला तर आणखी काही. पण फुलाशेंगांसह दाबून, ठिकाण व तारीख लिहून जपलेल्या नमुन्याची बरोबरी यांपैकी कशालाही येत नाही. ज्या शोधनिबंधात असा नमुना कोठल्या वनस्पतिसंग्रहात रुजू केला याचा उल्लेख नाही, तो पुढे कितीही सुंदर आलेखांनी सजलेला असला तरी प्रस्तुत लेखक तो बाजूला ठेवतो.

या गोंधळातूनच शास्त्राची पहिली निश्चित पायरी चढली गेली, आणि ती मुंबईत. १८५८ साली मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या वृत्तांतात हेन्स नावाच्या गृहस्थाने या वनस्पतीतून एक क्षारधर्मी द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. तेच आज कोनेसीन या नावाने ओळखले जाते. पुढे १८६४ मध्ये स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनज्ञाने बियांतून तेच द्रव्य काढले आणि झाडाच्या तत्कालीन चुकीच्या नावावरून त्याला राइटीन हे नाव दिले. कोनेसीनच्या रेणूत कार्बनाचे २४, हायड्रोजनचे ४० आणि नायट्रोजनचे २ अणू असतात. त्याचा सांगाडा आपल्या शरीरातील संप्रेरकांच्या सांगाड्याशी नाते सांगणारा, म्हणजे स्टेरॉइड जातीचा आहे. सालीत ते एकटे नसते. त्याच्या कुळातील डझनावारी अल्कलॉइडे तेथे एकत्र नांदतात, आणि सगळी मिळून त्यांचे प्रमाण सालीच्या वजनाच्या शेकडा एकापासून चारांपर्यंत, झाडाचे वय, ऋतू व स्थळ यांनुसार कमीजास्त असते.

अशी द्रव्ये सालीतून बाहेर काढावयाची कशी, येथे परंपरा आणि प्रयोगशाळा यांची पहिली खरी गाठ पडते. प्रयोगशाळेचा रिवाज असा, की सावलीत वाळवलेली साल भरडावी, पेट्रोलियम ईथरने तिच्यातील तेलकट भाग धुऊन काढावा, मग क्लोरोफॉर्म, मग मद्यार्क, शेवटी पाणी, अशा चढत्या ध्रुवतेच्या द्रावकांतून तिचे अर्क घ्यावेत. अल्कलॉइडांसाठी याहून जुनी व अधिक चतुर युक्ती आहे. ही द्रव्ये अल्कधर्मी असल्यामुळे आम्लाच्या सान्निध्यात त्यांचे लवण होऊन ती पाण्यात उतरतात. त्या पाण्यात अमोनिया घातला की लवण मोडते आणि मोकळी झालेली अल्कलॉइडे क्लोरोफॉर्ममध्ये जाऊन बसतात. ही युक्ती कळल्यावर आजीबाईच्या ताकाकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. ताकात दुग्धाम्ल असते. तेव्हा निव्वळ पाण्यापेक्षा ताकात उगाळलेल्या पाळातून अल्कलॉइडे अधिक उतरत असावीत, असा तर्क करावयास जागा आहे. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे; आंबट ताक, गोडे ताक, साधे पाणी आणि उकळलेला काढा अशा चार पात्रांत सारख्या वजनाची साल घेऊन चौघांतील कोनेसीन मोजले म्हणजे या तर्काची खातरजमा एका आठवड्यात होण्यासारखी आहे, आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याला याहून सुबक प्रकल्प सुचविणे कठीण.

द्रावकाची निवड ही क्षुल्लक बाब नाही हे चीनमधील एका उदाहरणाने साऱ्या जगाला शिकविले. हिवतापावरील जुन्या चिनी वनस्पतीचे उकळून केलेले अर्क कधी गुण देत, कधी देत नसत; थु यूयू या संशोधिकेला प्राचीन ग्रंथातील एका नोंदीवरून शंका आली की उष्णतेने गुणकारी द्रव्य नष्ट होत असावे, आणि १९७१ मध्ये तिने कमी तापमानावर ईथरने अर्क काढला तेव्हा आर्टेमिसिनिनचा मार्ग खुला झाला. २०१५ चे नोबेल पारितोषिक या कार्यासाठी तिला मिळाले. जुना ग्रंथ नीट वाचणे आणि तापमापक नीट वाचणे या दोन्ही गोष्टी तिने केल्या.

अर्क हाती आल्यावर प्राथमिक रासायनिक चाचण्या होतात, त्यांबाबत पुस्तकात विस्ताराने लिहिले असल्याने येथे थोडक्यात सांगतो. ड्रॅगेनडॉर्फच्या विक्रियकाने नारिंगी-तांबडा साका बसला, मायरच्या विक्रियकाने मळकट पांढरा बसला, म्हणजे अल्कलॉइडे असण्याचा संभव. फेरिक क्लोराइडने निळसर-काळा रंग आला म्हणजे टॅनिन. पाण्याबरोबर हलवून टिकाऊ फेस आला म्हणजे सॅपोनिन. या चाचण्या दारावरच्या पहारेकऱ्याइतकेच सांगतात, आत कोणी आहे एवढे. कोण आहे आणि किती आहे हे सांगावयास वर्णलेखन, वस्तुमान-वर्णपट आणि चुंबकीय अनुस्पंदन यांची गरज पडते. केवळ पहिल्या चाचण्यांचा तक्ता, त्यात अधिक-उणे चिन्हांची रांगोळी घालून, संशोधन म्हणून पुढे करण्याची जी चाल सध्या बोकाळली आहे तिच्याविषयी सौम्य शब्द वापरणे मला जमत नाही.

आता जंतुनाशक गुणाकडे वळू. पेट्रीबशीत म्यूलर-हिंटन आगराचा थर ओतून त्यावर ठराविक घनतेचे, म्हणजे दर मिलिलिटरात सुमारे १५ कोटी जीवाणू असलेले द्रावण पसरावयाचे, आगरात लहान विहिरी पाडून त्यांत अर्क घालावयाचा, आणि रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला ठेवून सकाळी प्रत्येक विहिरीभोवतीचे जंतुरहित वलय मोजावयाचे, ही पद्धत स्वस्त, सोपी आणि डोळ्यांना सुखावणारी आहे. तिचा मोह घातक आहे तो याच कारणाने. वलयाची रुंदी द्रव्याच्या मारकशक्तीइतकीच त्याच्या आगरात पसरण्याच्या शक्तीवरही अवलंबून असते. जड, तेलकट रेणू प्रभावी असूनही विहिरीतच अडकून राहतो, आणि दुबळा पण चपळ रेणू मोठे वलय काढून दाखवितो. नुसत्या द्रावकाची विहीर शेजारी नसेल तर वलय अर्काचे की मद्यार्काचे हे कळावयास मार्ग नाही. सालीत टॅनिन भरपूर असते, आणि ते समोर येईल त्या प्रथिनाला आवळून टाकते. बशीत तो पराक्रम ठरतो, आतड्यात अन्नाच्या गर्दीत त्याचे काय होईल हे वेगळेच प्रकरण. म्हणून वलयावर थांबू नये. क्रमाने अर्धे अर्धे पातळ करीत जाऊन जीवाणूंची वाढ रोखणारे किमान प्रमाण काढावे. अशोधित अर्काला मिलिलिटरामागे हजार मायक्रोग्रॅमहून अधिक मात्रा लागत असेल तर त्याचा डांगोरा पिटू नये. शंभराच्या आत काम झाले तर पुढे जावयास हरकत नाही, आणि पुढे जाताना तीच मात्रा माणसाच्या पेशींना मारीत नाही ना हेही पाहावे. शाईही जंतू मारू शकते.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न जंतू कोणता हा आहे. परंपरेने कुडा दिला तो अतिसारावर, आमांशावर, रक्ती मूळव्याधीवर. आमांश हे एका रोगाचे नाव नसून निदान दोन निराळ्या शत्रूंच्या एकसारख्या उपद्रवाचे नाव आहे : एक अमीबा, जो लोश याने सेंट पीटर्सबर्ग येथे १८७५ मध्ये रोग्याच्या मळात पाहिला, आणि दुसरा शिगा या जपानी शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये शोधलेला दंडाकृती जीवाणू. अमीबा जीवाणू नव्हे, आगराच्या बशीवर त्याचे वलय काढता येत नाही, त्याला वाढविण्याचे माध्यम वेगळे व खर्चिक. साहजिकच विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत, त्वचेवरच्या गळवांत सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर कुड्याचा अर्क ओततात आणि परंपरेला दुजोरा मिळाला असे लिहून मोकळे होतात. आजीबाईने गळवावर कुडा लावा असे कधी म्हटले नव्हते.

अमीबावर मात्र कुड्याची परीक्षा खरोखरच झाली, आणि ती या कथेतला सर्वांत बोधप्रद भाग होय. १९१२ मध्ये लेनर्ड रॉजर्स यांनी अमीबाजन्य आमांशावर एमेटीनची सुई प्रचारात आणली. ती प्रभावी, पण हृदयाला अपायकारक होती. तेव्हा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी कुड्याच्या अल्कलॉइडांचा बिस्मथ व आयोडीन यांच्याशी संयोग करून तोंडाने घेण्याचे औषध सिद्ध केले व जुनाट रोग्यांना देऊन पाहिले. चोप्रांचा देशी औषधांवरील मोठा ग्रंथ १९३३ मध्ये निघाला, त्यात कुड्याला सन्मानाने जागा आहे. पुढे शुद्ध कोनेसीन रोग्यांना दिले गेले. अमीबावर त्याचा प्रभाव दिसला. परंतु त्याचबरोबर रोग्यांची झोप उडाली, चक्कर, अस्वस्थता, मनाची चलबिचल अशा तक्रारी आल्या, आणि मेट्रोनिडॅझोल हाती आल्यावर कोनेसीन मागे पडले ते पडलेच. हा प्रसंग वनौषधींचे भक्त सहसा सांगत नाहीत. वस्तुतः तो सांगावयाला हवा, कारण त्यातून दोन गोष्टी कळतात : सालीतले द्रव्य खरेच गुणकारी होते, आणि निसर्गाचे म्हणून ते निरुपद्रवी नव्हते. २००८ मध्ये तर अमेरिकन संशोधकांना असे आढळले की कोनेसीन मेंदूतील हिस्टामिनच्या एका विशिष्ट ग्राहकाला अडविते, मेंदूत सहज शिरते आणि तेथून सावकाश बाहेर पडते. हा ग्राहक अडला की जागेपण वाढते. जुन्या रोग्यांच्या उडालेल्या झोपेचा उलगडा कदाचित यातच असेल.

जीवाणूंच्या बाजूनेही अलीकडे एक अनपेक्षित वळण आले आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारे काही जीवाणू औषध आत येताच पंपासारख्या प्रथिनांनी ते बाहेर फेकतात. थायलंडमधील संशोधकांनी २०१७ च्या सुमारास दाखविले की कोनेसीन स्वतः अशा जीवाणूंना फारसे मारीत नसले तरी त्यांच्या या उपसायंत्राला अडथळा करते, आणि मग जुनी, निकामी ठरलेली प्रतिजैविके पुन्हा काम करू लागतात. नुसत्या वलयावर निकाल देणाऱ्याच्या वहीत अशा द्रव्यापुढे शून्य पडले असते. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत नागरमोथ्याच्या काढ्याचा अभ्यास झाला तेव्हाही हेच दिसले : काढ्याची जंतू मारण्याची शक्ती नगण्य, पण त्याच्या सान्निध्यात जंतूंचे पेशींना चिकटणे व आत शिरणे कमी झाले, विषाची निर्मिती मंदावली. नागरमोथा आणि कुडा यांची जोडी अतिसाराच्या जुन्या योगांत वारंवार येते हे वैद्यांना सांगावयास नको.

येथवर वाचून वैद्यमंडळींना वाटेल की शास्त्राने शेवटी आमचेच म्हणणे मान्य केले, आणि रसायनज्ञांना वाटेल की रेणू हाती आला, आता झाडाची गरज उरली नाही. दोन्ही समजुती उतावळ्या आहेत. सर्पगंधेवर डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत रोग्यांवर काळजीपूर्वक निरीक्षणे केली आणि १९४९ मध्ये ती ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात छापली, तेव्हा जग जागे झाले. त्या निरीक्षणांत परंपरेचा अभिमान होता की नव्हता हे कोणी विचारले नाही, रक्तदाब किती उतरला ते विचारले. कुड्याच्या सालीवर, तिच्या पारंपरिक स्वरूपात, आजच्या कसोट्यांना उतरेल अशी मोठी रुग्णपरीक्षा व्हावयाची तर तीत वैद्य, डॉक्टर, वनस्पतिज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ असे चौघे एका टेबलाशी बसावे लागतील, आणि निकाल विरुद्ध गेला तर तोही छापण्याची तयारी चौघांनाही आधीच लेखी द्यावी लागेल.

दोन इशारे देऊन ही लांबलेली प्रस्तावना आवरतो. पहिला गृहस्थांसाठी : या पुस्तकात काढ्याचे व अर्काचे जे प्रयोग दिले आहेत ते प्रयोगशाळेपुरते आहेत, घरात मुलाला जुलाब लागले असता प्रथम मीठसाखरेचे पाणी पाजावे आणि रक्त दिसताच विलंब न लावता डॉक्टर गाठावा. दुसरा विद्यार्थ्यांसाठी : पाळ म्हणजे मूळ, आणि मूळ खणले की झाड संपते; खोडाची साल सभोवार सोलली तरी तेच. तेव्हा प्रयोगाला लागणारी साल तोडलेल्या फांद्यांची घ्यावी, वनखात्याची व ग्रामसभेची रीतसर परवानगी काढावी, ज्या गुराख्याने वा वैदूने झाड दाखविले त्याचे ऋण त्याच्या संमतीने निबंधात नोंदवावे, आणि सालीला सुरी लावण्यापूर्वी फूल व शेंग असलेली एक डहाळी कागदात दाबून तिच्यावर गाव, तारीख आणि आपली सही घालावी.